रविवार मोजत नाहीत म्हणे

2024 मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका 14 फेब्रुवारीला आला होता. म्हणजे बाहेर नागपूरच्या सदरमध्ये पोट्टे गुलाब घेऊन फिरून राहिले होते आणि आत आम्ही कपाळावर राखेचा क्रूस काढून घ्यायला रांगेत उभे. पाळकसाहेब प्रत्येकाला तेच सांगत होते, तू माती आहेस आणि पुन्हा मातीला मिळशील. माझा नंबर आला, मी मान खाली घातली, डोळे मिटले, आणि त्याच क्षणी माझा डावा हात खिशात गेला. पन्नी आहे ना जागेवर, हे बघायला. होती.

विदर्भाबाहेरच्या लोकांना सांगायला पाहिजे की पन्नी म्हणजे काय. खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत टाकून पानठेलेवाला तळहाताने घोटून घोटून देतो, हाताला गरम लागतो इतका घोटतो, वर गाठ मारतो, झालं. नागपुरात संत्री आहेत, तर्री पोहे आहेत, सावजी आहे, पण ऑफिसात, साइटवर, ट्रकच्या केबिनमध्ये, लग्नाच्या मांडवामागे दिवसभर जे चालतं ते खर्रा. दोन माणसांची ओळखसुद्धा त्याच्यावरच होते, एकाने पन्नी पुढे केली, दुसऱ्याने चिमूट घेतली, की झाले भाऊ. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 मध्ये बंदी आली, सिगारेटच्या पाकिटावर 85 टक्के जागेत ते भयानक फोटो असतात. खर्ऱ्याची पन्नी पारदर्शक. कोणाचाच फोटो नाही, कोणतीच धमकी नाही. आतलं सगळं दिसते म्हणून तर माणसाला वाटते की यात लपवण्यासारखं काय आहे.

मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघतो. रोजचं जाणं-येणं रवीनगर चौकातून, अमरावती रोडने. या रस्त्यावर कुठे कुठे पानठेले आहेत, कोण जास्त घोटतो, कोण चुना जास्त टाकतो, हे मला माझ्या लेकीच्या शाळेच्या टाइमटेबलपेक्षा जास्त पाठ होतं. दिवसाला चार पन्न्या, तीस रुपयाला एक. तुम्हीच गुणाकार करा, मी तो बारा वर्षं केला नाही, आणि धंदा माझा हिशोबाचा.

तर त्या बुधवारी मी ठरवलं, या उपवासकाळात खर्रा बंद. चाळीस दिवस. प्रभू येशूने अरण्यात चाळीस दिवस काढले, मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

इथे एक गंमत आहे. आमच्या आजीला राखेचा बुधवार वगैरे काही माहीत नव्हतं, ती जुन्या स्कॉटिश मिशनची, तिच्या काळी हे सगळं कॅथलिकांचं आणि इंग्लिश चर्चवाल्यांचं समजायचे. मग 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच, आमच्या नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या चर्चेस एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यामुळे आता एकाच बाकावर कोणाची राख, कोणाचा बाप्तिस्मा, कोणाची गाणी असं सगळं मिसळलेलं असते. मला ते आवडते. पण त्यामुळे काय होते की नियम प्रत्येकाला अर्धाच माहीत असतो. मला उपवासकाळाचा जो अर्धा नियम माहीत होता तो हा, की राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर 46 दिवस होतात. चाळीस होतात ते मधले सहा रविवार सोडून. कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही.

पहिल्या रविवारी उपासना संपली, बायको-लेक मागे बोलत थांबल्या, आणि मी मोठ्या शांत मनाने ठेल्यावर गेलो. रविवार मोजत नाहीत म्हणे. दुसऱ्या रविवारी दोन खाल्ले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या असं लक्षात आलं की ज्यू लोकांचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, म्हणजे शनिवारी सूर्य मावळला की रविवार लागलाच की. हसू नका. मी खरंच असा विचार केला होता, वाडी नाक्यावर उभा राहून, घड्याळात सहा वीस बघून. ज्या माणसाने आयुष्यात कधी बायबलमधलं लेवीय पुस्तक पूर्ण वाचलं नाही तो ज्यूंचं कॅलेंडर काढून बसला होता. चौथ्या आठवड्यात रविवार आणि बाकीचे वार यातला फरक मिटला.

तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय मला पहिल्यांदा नीट दिसला. संडे स्कूलपासून ऐकलेली गोष्ट, सैतान तीनदा येतो, येशू तीनदा वचन म्हणतो, सैतान जातो, टाळ्या. आपल्याला लक्षात राहते ते येशूने वचन वापरलं. पण दुसऱ्या परीक्षेत सैतानच वचन म्हणतो! मंदिराच्या टोकावर उभं करून म्हणतो, टाक उडी, असं लिहिलंच आहे ना की देवदूत तुला हातांवर झेलतील. 91 वं स्तोत्र आहे ते. आणि कुठपर्यंत म्हणतो बघा. तुझ्या पायाला दगडाची ठेच लागू नये, इथपर्यंत. त्याच्या पुढच्याच ओळीत सिंहाला आणि नागाला तुडवण्याची गोष्ट आहे, ती काही तो म्हणत नाही. आपल्या सोयीची ओळ घ्यायची आणि पुढची सोडून द्यायची. नागपुरात राहून मी नागाचीच ओळ विसरलो होतो.

आणि पहिली परीक्षा तर भाकरीची. चाळीस दिवस उपाशी माणसाला भूक लागणं यात पाप काय आहे? काहीच नाही. लहानपणी आमच्या संडे स्कूलच्या चार्टवर सैतान शिंगंवाला, लाल, हातात त्रिशूळासारखं काहीतरी. तसा आला असता तर मी ओळखला असता, पळालो पण असतो. माझ्याकडे तो नेहमी फार समजूतदार माणसासारखा आला. दिवसभर राबतो बिचारा, एवढं तर चालते. दारू पीत नाही, बायकोवर हात उचलत नाही, चर्चला कमाईचा दहावा हिस्सा देतो, एक पन्नी खाल्ली तर काय आभाळ पडते काय. माझी बाजू इतकी चांगली माझ्या वकिलानेही मांडली नसती.

आता जरा वाईट भाग.

खर्रा हे पाप आहे की व्यसन, की आजार, यावर आमच्या बायबल स्टडीत एकदा पाऊण तास वाद झाला होता आणि चहा आल्यावर थांबला. माझं मत सांगतो. ज्या गोष्टीने मेंदूला निकोटीनची सवय लागते त्याला डॉक्टर लागतो, आणि जे लोक म्हणतात फक्त विश्वास ठेव, गोळ्या-च्युइंगम कशाला, त्यांनी एकदा स्वतः तिसऱ्या दिवशीची ती डोकेदुखी आणि चिडचिड भोगून बघावी. पण माझं खरं दुखणं खर्रा नव्हतंच. खोटं होतं. मी खर्रा सोडला असं घरी सांगितलं होतं. बायकोने त्या आनंदात ईस्टरला पुरणपोळी केली होती (होय, आमच्याकडे ईस्टरला पुरणपोळी होते, केक नाताळला). ती पुरणपोळी खाल्ल्यापासून मला रोज खोटं बोलावं लागलं. खिशात लवंग, बॅगेत माउथवॉश, ॲक्टिव्हाच्या डिक्कीत टूलकिटच्या खाली पन्न्या, घरी यायच्या आधी शर्टाच्या बाहीचा वास घेणं. याकोबाच्या पत्रात आहे, वासना गर्भवती होते आणि पापाला जन्म देते. बाळंतपणाचीच भाषा आहे ती, म्हणजे एकदा राहिलं की ते वाढतच जाणार, कितीही सैल शर्ट घाला.

वाढलंच. खर्रा उघड घेता येईना म्हणून खर्ऱ्याचे पैसे पगारातून दिसेनात, पगार बायकोच्या हाती. आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या चर्चचा कापणीचा सण झाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, लोक घरून भोपळा, तांदूळ, संत्री, अंडी, कोंबडी, लोणचं असं आणतात, वेदीसमोर ठेवतात, आणि उपासनेनंतर बाहेर मांडवात लिलाव होतो. फार मजा येते. चाळीस रुपयांचा भोपळा दोन काका हट्टाला पेटून सातशेला नेतात, आणि तोच भोपळा परत दान करून पुन्हा लिलाव. पैसे जमा करायला कोण? हिशोबात हुशार म्हणून मी. लिफाफा माझ्या घरी, कपाटात, बँकेत भरायचा होता सोमवारी. सोमवारी ऑफिसात काम निघालं. मंगळवारी मी त्यातून शंभर काढले. पगार झाला की टाकू. मग दोनशे. मग पाचशेची नोट, सुटे नव्हते म्हणून. डिसेंबर संपेपर्यंत 2,800 रुपये झाले.

रक्कम छोटी आहे, मला माहीत आहे. या देशात लोक बँका घेऊन पळतात. पण त्यातले काही रुपये त्या म्हाताऱ्या बाईचे होते जिने तिच्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या चार जुड्या आणल्या होत्या आणि स्वतःच दहाच्या दोन नोटा देऊन त्या परत घेतल्या होत्या, कारण तिला वाटलं कोणी बोली लावणार नाही. त्या नोटा मी मोजल्या होत्या. घामाने ओलसर होत्या.

यहोशवाच्या पुस्तकात आखान नावाचा माणूस आहे. यरीहो पडल्यावर लुटीतलं काही घ्यायचं नाही असा हुकूम होता, याने शिनार देशाचा एक सुंदर झगा, दोनशे शेकेल चांदी आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट उचलली आणि आपल्या डेऱ्यात जमिनीखाली पुरली. मला या गोष्टीत नेहमी एकच प्रश्न पडायचा, तो झगा घालणार कुठे होता? आता मला कळते. घालायचा नव्हताच. तो रोज रात्री त्या जमिनीवर झोपत असेल आणि त्याला खालची वीट पाठीला टोचत असेल. आमच्या कपाटात लिफाफा खालच्या कप्प्यात होता, लग्नाच्या शालूच्या बाजूला, आणि पलंग त्या कपाटाला लागून.

प्रार्थना करत होतो का? रोज. हे मला मुद्दाम सांगायचं आहे कारण लोकांना वाटते की माणूस घसरतो तेव्हा प्रार्थना सोडलेली असते. मी तर वाढवली होती. रात्री सगळे झोपले की गच्चीवर जायचो, देवाजवळ सगळं कबूल करायचो, रडायचो सुद्धा, हलकं वाटायचं, आणि सकाळी रवीनगर चौकात पुन्हा गाडी लावायचो. देवाजवळ कबूल करणं सोपं होतं, कारण देव वार्षिक सभेत हिशोब मागत नाही.

वार्षिक सभा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होती.

त्याच्या आदल्या आठवड्यात चर्चमध्ये साक्षीचा कार्यक्रम झाला. आमच्याकडे साक्ष देणारे फार छान बोलतात, मी दारू पीत होतो, जुगार खेळत होतो, घर बरबाद झालं होतं, मग प्रभू भेटला आणि आज पंधरा वर्षं झाली. लोक हालेलुया म्हणतात. मी मागच्या बाकावर बसून पहिल्यांदा हे पाहिलं की सगळ्या साक्षी भूतकाळातल्या असतात. पीत होतो. खेळत होतो. पोहून काठाला लागलेलीच माणसं बोलतात. मधोमध पाण्यात असलेला कोणी उभा राहून म्हणत नाही की सलाम मंडळी, माझ्या खिशात आत्ता आहे. त्याच्यासाठी कार्यक्रमात जागाच नाही, त्याने आधी बरं होऊन यायचं.

कार्यक्रम संपला, मी गाडी काढत होतो तर एक काका जवळ आले. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, अजनीकडे राहतात, फार बोलत नाहीत, आमच्या कमिटीत असतात. म्हणाले, "बाबू, तुह्या तोंडाला लवंगेचा वास येते." मी म्हटलं, "दात दुखून राहिला काका." ते म्हणाले, "मले बी तीन वर्षं दुखला होता. मी तं इलायची खात होतो."

एवढंच. पुढे काही विचारलं नाही. मी गाडी स्टँडवर परत लावली.

चर्चच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, आम्ही दोघं बसलो आणि मी सगळं सांगितलं. खर्रा, रविवार, पुरणपोळी, लिफाफा, 2,800. मला वाटलं ते वचन काढतील. ते म्हणाले, "आत्ता हाय का खिशात?" मी म्हटलं आहे. म्हणाले, "असू दे. आधी बोलून घे."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती त्यांनी दारू सोडली त्या काळात त्यांच्या मीटिंगमध्ये ऐकलेली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची. 1935 चा मे महिना, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस, दारू सोडून पाच महिने झालेले, ज्या धंद्याच्या कामासाठी आला ते फसलं, खिशात पैसे नाहीत, हॉटेलच्या लॉबीत एकटा येरझारा घालून राहिला. एका बाजूला बार, तिथून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि भिंतीवर गावातल्या चर्चेसची यादी. त्याला कळलं की आपण आता आत जाणार. तर त्याने यादीतल्या एका पाळकाला फोन लावला.

"आता पाहाय बाबू," काका म्हणाले, "त्यानं पाळकाले काय मागतलं? प्रार्थना नाही मागतली. बेवडा मागतला. म्हणे, तुमच्या गावात कोणी दारूडा असन तं मले त्याच्याशी बोलाचं हाय."

एकातून एक ओळखी निघत दुसऱ्या दिवशी त्याची भेट डॉक्टर बॉबशी झाली. सर्जन, आणि हाताला कंप सुटलेला. डॉक्टर म्हणे पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही. सहा तास बसले. दोघंही त्या काळच्या एका ख्रिस्ती मंडळाच्या सहवासातले होते, दोघांनाही प्रार्थना येत होती, वचन येत होतं, आणि दोघंही एकटे असताना हरत होते. पुढे डॉक्टर पुन्हा एकदा घसरला, कॉन्फरन्सला गेला आणि पिऊन आला. मग 10 जून 1935 ला शेवटची प्याला, आणि तोच दिवस त्या संस्थेचा वाढदिवस धरतात. काकांना घसरण्याचा तो भाग सगळ्यात जास्त आवडतो असं मला वाटलं, कारण तिथे ते जरा थांबले आणि टाकीच्या नळाला तोटी घट्ट करून आले.

याकोबाच्याच पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलं आहे की आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल. आम्ही प्रॉटेस्टंट लोकांनी कॅथलिकांची पापकबुलीची खोली नाकारली, ठीक आहे, त्याची कारणं असतील, पण त्याच्यासोबत हे एकमेकांजवळवालं वचनही कुठेतरी मिशन कंपाउंडमध्ये ठेवून विसरलो. आता आम्ही दर रविवारी सगळे मिळून एका सुरात कबूल करतो की आम्ही विचाराने, उच्चाराने आणि कृतीने पाप केलं आहे. एका सुरात म्हटलं की कोणाचंच नाव येत नाही.

त्या संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, खर्ऱ्याचं मला माहीतच होतं, डिक्कीत सापडल्या होत्या, पुरणपोळीच्या दिवसापासून वाट बघून राहिले की तू कधी सांगशील. आणि लिफाफ्याचं ऐकून मात्र तिने आपल्या कानातले काढून टेबलावर ठेवले. ते मी विकले नाहीत, ऑफिसातून उचल घेतली. पण ते टेबलावर ठेवल्याचा आवाज अजून आहे.

काका माझ्यासोबत पाळकसाहेबांकडे आले. मी रस्त्यात म्हटलं, जक्कयाने चौपट परत केलं होतं, मी 11,200 भरतो. जक्कय म्हणजे तो जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. मला वाटलं काका शाबास म्हणतील. ते म्हणाले, "येशूनं त्याले चौपट मागतलं नव्हतं. तो त्याच्या घरी जेवाले गेला. हे चौपट त्याच्या मनातून निंघालं, जेवण झाल्यावर. तुह्या मनातून निंघून राहिलं, का तू दंड भरून मोकळा होऊन राहिला?" मी गप्प. 2,800 भरले. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं, कमिटीला सांगावं लागेल म्हणाले, सांगितलं. हिशोबाचं काम माझ्याकडून काढून घेतलं, ते बरोबरच होतं. दोघा-तिघांनी पुढे बरेच महिने माझ्याशी हात मिळवला नाही, एकजण अजून मिळवत नाही. मला तक्रार नाही. म्हणजे आहे थोडी, पण ती लिहिण्यासारखी नाही.

आखानाच्या गोष्टीचा शेवट भयंकर आहे, त्याला दगडमार झाली आणि त्या जागेला अखोराचं खोरं नाव पडलं, अखोर म्हणजे संकट, क्लेश. पण कितीतरी शतकांनी होशेय संदेष्टा देवाच्या वतीने बोलतो की ते अखोराचं खोरं मी आशेचं दार करीन. तेच खोरं. मी ते वाचलं तेव्हा वाडीहून परत येत सिग्नलला थांबलो होतो, मोबाइलवर, मागून हॉर्न वाजून राहिले होते.

खर्रा सुटायला नंतरही वेळ लागला. दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले तीन बोटं उभी आत जातात का बघा. माझी दोन जेमतेम. पाणीपुरी तोंडात मावत नाही ही तक्रार मी दोन वर्षं पाणीपुरीवाल्याला सांगत होतो, की बाबा छोट्या करत जा. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते, ती पूर्ववत होत नाही, पुढे कॅन्सरकडे जाऊ शकते. सुपारी एकटीसुद्धा, तंबाखूशिवाय, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत पहिल्या गटात मोडते हे मला तिथे कळलं, आणि मी तर सुपारीला पूजेची, शुभकार्याची वस्तू समजत होतो. निकोटीनचं च्युइंगम सुरू केलं. 2025 चा राखेचा बुधवार 5 मार्चला आला, त्या दिवशी मी कोणतंच चाळीस दिवसांचं ठरवलं नाही. काकांनी सांगितलं होतं, आजच्या दिवसापुरतं बोल. आणि हात खिशात गेला की फोन कर, कितीही वाजले तरी.

मी फोन केले. एका आठवड्यात अकरा वेळा केल्याचं आठवते. काका फार काही बोलायचे नाहीत, कधी म्हणायचे आज भाजी कशाची केली, कधी गोंडवाना एक्सप्रेस किती लेट आहे ते सांगायचे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांना गाड्यांचं सगळं माहीत. तेवढ्यात ती दहा मिनिटं निघून जायची. त्या दहा मिनिटांतच सगळं असते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बायबलमधल्या योसेफाला त्याच्या मालकाच्या, पोटीफराच्या, बायकोने मोहात पाडायला धरलं तेव्हा तो वाद घालत बसला नाही, झगा तिच्या हातात सोडून पळाला. प्रत्येक मोहाशी उभं राहून लढायचंच असते असं मी का धरून बसलो होतो कोण जाणे. शूर दिसायची हौस, दुसरं काय.

मे महिन्यात दोनदा घसरलो. एकदा एका लग्नात, एकदा काहीच कारण नसताना. दोन्ही वेळा त्याच रात्री फोन केला. काका म्हणाले बरं, आज किती तारीख, इथून मोज.

लूकने परीक्षेची गोष्ट सांगताना शेवटी एक वाक्य टाकलं आहे जे मत्तयमध्ये नाही, की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. संधी मिळेपर्यंत. म्हणजे खुद्द प्रभूच्या बाबतीतही तो कायमचा गेला नव्हता. मला आधी हे वाक्य भीतीदायक वाटायचं, आता उलट जरा बरं वाटते.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. आमच्याच चर्चमधला एक पोरगा, पंचविशीचा, लग्न ठरलेलं, काकांनी माझा नंबर दिला म्हणे. "दादा, मी वाडी नाक्यावर उभा हाय. घेतला हाय. फोडला नाही अजून." मी विचारलं कोणत्या ठेल्यापाशी, त्याने सांगितलं, आणि मला तो ठेला, त्याचा पिवळा बल्ब, त्याच्या हाताचा घोटण्याचा आवाज, सगळं एकदम समोर आलं. बायकोने उठून गाडीची किल्ली दिली. म्हणाली, फोन चालू ठेव.

फोन स्पीकरवर टाकून मी गेलो, पूर्ण रस्ता त्याच्याशी त्याच्या लग्नाच्या बोलणीबद्दल बोलत, हॉल कुठला, सावजी जेवण ठेवणार का, सासरे काय करतात. पोचलो तर तो गाडीला टेकून उभा, कपाळावर घाम. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर इतकं हायसं वाटलं की त्याने मुठीतली पन्नी सरळ माझ्यापुढे धरली. घ्या दादा, तुम्हीच टाका.

ताजा होता. गाठीतूनसुद्धा वास येत होता. माझा हात अर्धा पुढे गेला होता.

"नाही बाबू," मी म्हटलं, "तूच फेक. माझ्या हातात नको देऊ."